कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात आल्यावर: संशोधन काय सांगतं आणि कुठल्या क्रमाने काय करायचं

लिपिड प्रोफाइलचा कागद हातात पडला की नजर आधी ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्यावर जाते. पुढे दोनपैकी एक गोष्ट घडते. काही जण धसका घेतात. तेल, अंडं, लोणी सगळं बंद होतं, तीन महिन्यांनी आकडा जरा खाली दिसला की "सुटलो" म्हणतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काही जण "मला कुठे काय होतंय?" म्हणत कागद फायलीत सारतात. मी स्वतः पहिल्या रिपोर्टनंतर पहिल्या गटात होतो आणि वर्षभराने दुसऱ्या. ही दोन टोकं वाटली तरी दोघांची चूक एकच आहे. दोघंही कोलेस्टेरॉलकडे आज आलेल्या तापासारखं बघतात.

रक्तवाहिनीत साचणारा थर तापासारखा चढत-उतरत नाही. तो व्याजासारखा साठत जातो. एलडीएलचा, म्हणजे "वाईट" म्हणतात त्या कोलेस्टेरॉलचा आकडा किती आणि तो किती वर्षं तसा राहिला, या दोघांचा गुणाकार महत्त्वाचा. पुढची सगळी पावलं याच एका हिशेबावर उभी आहेत, म्हणून तो कुठून आला हे आधी बघू.

हा हिशेब कुठून आला

१९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. सशांच्या धमन्यांत माणसांसारखेच थर दिसू लागले. पण ससा शाकाहारी, माणसाला ते कसं लागू होईल, या आक्षेपावर ती गोष्ट बरीच वर्षं अडून राहिली. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ माणसांची नोंद घेऊन त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायला सुरुवात झाली. वाढलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान हृदयविकाराच्या आधी येतात, हे त्यातून दिसलं. आज आपण सहज म्हणतो तो "रिस्क फॅक्टर" हा शब्द रूढ झाला तो याच अभ्यासामुळे.

सोबत दिसणं वेगळं आणि कारण असणं वेगळं. ती कडी जोडली मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी. पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएलचा कण पकडून आत ओढणारं एक ग्राहक प्रथिन असतं. ज्यांच्यात ते जन्मतःच सदोष असतं त्यांच्या रक्तात एलडीएल तुंबतं, आणि त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर लहान मुलालाही हार्ट अटॅक येऊ शकतो. या कामाला १९८५ चं नोबेल मिळालं. या दोघांचं ते काम चालू असतानाच जपानमध्ये अकिरा एंदो हजारो बुरशा तपासत होते. १९७३ मध्ये एका निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना कोलेस्टेरॉल तयार करणारं विकर अडवणारा पदार्थ सापडला. स्टॅटिन गोळ्यांचा तो मूळपुरुष. पहिली स्टॅटिन, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत १९८७ साली मंजूर झाली.

तरी "गोळीने माणसं खरंच जगतात का?" हा प्रश्न उरलाच होता. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. साधारण साडेपाच वर्षांत बिनऔषधाच्या गटातले २५६ जण दगावले, सिमव्हास्टॅटिनच्या गटातले १८२. एलडीएल ३५ टक्के उतरलं होतं आणि हृदयाच्या मोठ्या घटना ३४ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. काही माणसांच्या पीसीएसके९ नावाच्या जनुकात असा बदल असतो की त्यांचं एलडीएल जन्मापासूनच कमी राहतं. हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी २००६ मध्ये अशा कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होतं आणि हृदयधमनीच्या आजाराचा धोका ८८ टक्के कमी.

३५ टक्के घट, साडेपाच वर्षं: ३४ टक्के फायदा. २८ टक्के घट, जन्मभर: ८८ टक्के फायदा. एका गटाला आधीच हृदयविकार झालेला, दुसरा सर्वसामान्य लोकांचा, त्यामुळे दोन्ही आकडे सरळ तराजूत घालता येत नाहीत. पण पुढे इतर जनुकांवर झालेल्या अभ्यासांतही हेच निघालं: एलडीएल तेवढंच कमी, पण आयुष्यभर कमी असेल, तर फायदा उशिरा सुरू केलेल्या गोळीच्या कितीतरी पट असतो. हा फरक वर्षांचा आहे.

पहिलं पाऊल: कागद नीट वाचा, एक वजाबाकी स्वतः करा

रिपोर्टवर चार मुख्य आकडे असतात: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल ("चांगलं" म्हणतात ते), ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) आणि एलडीएल. एलडीएल पुष्कळदा थेट मोजलेलं नसतं, उरलेल्या तिघांवरून काढलेलं असतं. १९७२ पासून चालत आलेलं ते सूत्र असं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा करा.

समजा एकूण २३२, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड १९०, सगळं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. १९० चा पाचवा भाग ३८. २३२ वजा ४४ वजा ३८ म्हणजे एलडीएल १५०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही, तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं.

आता दुसरी वजाबाकी, जी रिपोर्टवर छापलेली असो-नसो, तुम्ही कराच: एकूणमधून फक्त एचडीएल वजा करा. २३२ वजा ४४, म्हणजे १८८. याला नॉन-एचडीएल म्हणतात. धमनीच्या भिंतीत शिरू शकणारे सगळे कण यात मोजले जातात, एकट्या एलडीएलचे नाहीत. ज्यांचं ट्रायग्लिसराइड वाढलेलं आहे, मधुमेह आहे किंवा पोटाचा घेर मोठा आहे त्यांच्यासाठी हा आकडा जास्त भरवशाचा. एलडीएलचं जे लक्ष्य असेल त्यात ३० मिळवले की नॉन-एचडीएलचं लक्ष्य मिळतं.

काही प्रयोगशाळा मिलिमोल प्रति लिटरमध्ये आकडे देतात. कोलेस्टेरॉलच्या आकड्याला ३८.७ ने गुणलं की मिलिग्रॅम मिळतात. ट्रायग्लिसराइडसाठी मात्र ८८.६ ने गुणायचं. इथे गल्लत होते आणि माणूस उगाच घाबरतो.

उपाशीपोटी जावं का? नेहमीच्या तपासणीला त्याची गरज नसते, हे आता बऱ्याच मार्गदर्शक सूचनांनी मान्य केलंय. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं निघालं तर मात्र उपाशीपोटी पुन्हा तपासावं.

आणि एचडीएल, म्हणजे "चांगलं कोलेस्टेरॉल". ते कमी असणं ही धोक्याची खूण आहे, पण ते वाढवून धोका टळतो असं दिसलेलं नाही. टॉरसेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल भरपूर वाढवलं, आणि २००६ मध्ये चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्येच मृत्यू जास्त होत होते. एचडीएल वाढवणाऱ्या नायसिन या दुसऱ्या औषधाच्या मोठ्या चाचण्याही निराशाजनक ठरल्या. म्हणून "माझं चांगलं कोलेस्टेरॉल ७० आहे, मला वाईटाची काय भीती" हा हिशेब मनातून काढून टाका.

दुसरं पाऊल: दुसरं काही कारण नाही ना, ते बघा

एका रिपोर्टवर निर्णय घेऊ नका. माणसाचं एलडीएल कुठल्याही बदलाशिवाय मागे-पुढे होतं, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. मोठं आजारपण किंवा ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आकडा खोटाच कमी येऊ शकतो. गरोदरपणात तो वाढतो.

थायरॉइड मंद असेल तर एलडीएल चढतं, आणि थायरॉइडवर इलाज केला की पुष्कळदा आपोआप उतरतं. म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी केल्याशिवाय कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. मूत्रपिंडातून प्रथिनं जाणं, पित्तमार्गातला अडथळा, अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइडसारखी औषधं यांचाही विचार डॉक्टर करतील. तुम्ही घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, काढे आणि पावडरींसकट, सोबत न्या.

तिसरं पाऊल: आकडा नव्हे, माणूस मोजा

रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली "सामान्य मर्यादा" ही सरसकट सगळ्यांसाठी असते. तुमचं लक्ष्य तुमच्या धोक्यावर ठरतं. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१९ च्या सूचनांनुसार ज्यांना अटॅक येऊन गेलाय किंवा धोका अतिशय जास्त आहे त्यांचं एलडीएल ५५ च्या खाली हवं आणि मूळ आकड्याच्या निम्म्याहून कमी व्हायला हवं. जास्त धोका असेल तर ७० च्या खाली, मध्यम धोक्याला १०० च्या, कमी धोक्याला ११६ च्या. म्हणजे वरच्या उदाहरणातलं १५० कुणालाच आदर्श नाही, पण कुणासाठी ती तातडीची बाब आहे तर कुणासाठी निवांतपणे सुधारायची.

धोका काढायला वय, लिंग, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल एकत्र घेणारे गणक आहेत: युरोपात स्कोर२, ब्रिटनमध्ये क्यूरिस्क३, अमेरिकेत प्रिव्हेंट. डॉक्टरांना विचारा की माझ्यासाठी कुठला लागू. या गणकांची एक खोड लक्षात ठेवा. ते प्रामुख्याने पुढच्या दहा वर्षांचं बोलतात. पस्तिशीतल्या माणसाचा दहा वर्षांचा धोका जवळजवळ नेहमी कमीच निघतो, मग त्याचं एलडीएल १७० का असेना. गणक त्याला "काळजी नको" म्हणतो, आणि व्याज मात्र चालू असतं. तरुणांनी गणकाचं उत्तर म्हणूनच जरा हातचं राखून वाचावं.

२००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देशांतल्या, पहिला अटॅक आलेल्या सुमारे १५,००० रुग्णांची तेवढ्याच निरोगी माणसांशी तुलना केली होती. धूम्रपान, रक्तातल्या चरबीचं बिघडलेलं प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, हालचालीचा अभाव आणि मद्यपानाची पद्धत, या नऊ गोष्टींत पुरुषांचा सुमारे ९० टक्के आणि स्त्रियांचा ९४ टक्के धोका मावत होता. "आमच्या घराण्यातच आहे" हे खरं असलं तरी घराण्यात जे असतं त्यातलंही बरंचसं या यादीतच असतं.

यादीबाहेरचं एक मोजून घ्यावं, ते म्हणजे लायपोप्रोटीन-ए, एलडीएलसारखाच रक्तातला एक कण. पाचातल्या एकाला ते वाढलेलं असतं, जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असतं आणि खाण्यापिण्याने फारसं हलत नाही. आयुष्यात एकदा तपासलं की पुरे. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या सगळ्या गोष्टी जास्त कडक पाळायच्या. आणि गोळी घ्यावी की नाही यावर तुमचं आणि डॉक्टरांचं अडलं असेल, तर हृदयधमन्यांतल्या कॅल्शियमचा सीटी स्कॅन निर्णयाला मदत करतो. शून्य आला तर नजीकच्या वर्षांतला धोका कमी. धूम्रपान करणाऱ्या, मधुमेही किंवा कमी वयाच्या माणसाने मात्र त्या शून्यावर फार विसंबू नये, कारण मऊ, कॅल्शियम न साचलेला थर त्यात दिसत नाही.

बातमीतले टक्के कसे वाचायचे

हे पाऊल नाही, पण याशिवाय पुढे गेलात तर कुणीही तुम्हाला गुंडाळेल. १,७०,००० लोकांच्या २६ चाचण्या एकत्र करून २०१० मध्ये निघालेला निष्कर्ष असा: एलडीएल ३९ मिलिग्रॅमने, म्हणजे एका मिलिमोलने, उतरलं की हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना साधारण एक-पंचमांशाने कमी होतात. हे प्रमाण बहुतेक सगळ्यांना सारखंच लागू पडतं. पण एक-पंचमांश कशाचा?

शंभर माणसं घ्या ज्यांचा धोका २० टक्के आहे. वीस जणांना त्रास होणार होता, त्यातले चार वाचले. आता ५ टक्के धोक्याची शंभर माणसं घ्या. पाच जणांतला एक वाचला. गोळी तीच, टक्का तोच, फायदा चौपट वेगळा. औषध विकणारा "२० टक्के" सांगेल, औषधाला शिव्या घालणारा "शंभरात एक" सांगेल. दोघंही खरं बोलत असतील. तुम्ही फक्त "माझा मूळ धोका किती?" एवढं विचारायचं.

चौथं पाऊल: खाणं

इथे आधी अपेक्षा जागेवर आणू. २००३ मध्ये डेव्हिड जेंकिन्स यांच्या गटाने ओट्स, बार्ली, सोया, बदाम, भेंडी, वांगी आणि वनस्पतिज स्टेरॉल (वनस्पतींतला कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ) असा सगळा आहार लोकांना तयार करून दिला. एका महिन्यात एलडीएल सुमारे २९ टक्के उतरलं, तर लोव्हास्टॅटिन घेणाऱ्यांचं ३१ टक्के. गोळीच्या तोडीस तोड! पुढे २०११ मध्ये त्याच आहाराचा फक्त सल्ला दिला आणि लोकांनी आपापल्या घरी स्वयंपाक केला. सहा महिन्यांनी घट होती १३ ते १४ टक्के. कागदावरचा आहार आणि ताटातला आहार यांतलं अंतर यापेक्षा प्रामाणिकपणे कुणी दाखवलेलं मला माहीत नाही. तरी १३ टक्के म्हणजे १५० चे १३० होतात, आणि ते वीस वर्षं टिकले तर थोडके नाहीत.

सगळ्यात मोठी हालचाल संपृक्त चरबीची. लोणी, साय, चरबीयुक्त मांस, पाम तेल, नारळाचं तेल, बेकरीचे पदार्थ. यकृतातले ते एलडीएल पकडणारे ग्राहक संपृक्त चरबीमुळे कमी होतात. पण काय काढलं याइतकंच त्या जागी काय आलं हे महत्त्वाचं. लोणी काढून मैदा आणि साखर आणली तर हृदयाला फारसा लाभ होत नाही. सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी किंवा ऑलिव्हचं तेल, सुका मेवा, मासे आले तर होतो. "कोलेस्टेरॉल-मुक्त" असं लिहिलेल्या तेलाच्या बाटलीला भुलू नका, कारण कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच.

दुसरी हालचाल विरघळणाऱ्या तंतूंची. हे तंतू आतड्यात पित्ताम्ल धरून ठेवतात. ते बाहेर गेलं की नवं पित्त बनवायला यकृताला रक्तातलं एलडीएल ओढून घ्यावं लागतं. ओट्स किंवा बार्लीतलं बीटा-ग्लुकन दिवसाला ३ ग्रॅम, डाळी-कडधान्यं रोज, किंवा सरळ १० ग्रॅमच्या आसपास इसबगोल. इसबगोलाने एलडीएल साधारण १३ मिलिग्रॅम उतरतं. भरपूर पाण्यासोबत घ्या आणि इतर गोळ्यांपासून दोनेक तास दूर ठेवा.

ट्रान्स फॅट, म्हणजे वनस्पती तेल घट्ट करताना तयार होणारी चरबी, हिला कमी-जास्त असं काही नाही. शून्य. वेष्टनावर "अंशतः हायड्रोजनीकृत" असं दिसलं की ठेवून द्या.

अंड्यांवरून घराघरात भांडणं होतात. एका अंड्यात सुमारे २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, पण खाल्लेल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या आकड्यावर परिणाम संपृक्त चरबीपेक्षा बराच कमी असतो. बहुतेकांना दिवसाला एक अंडं चालून जातं. ते कशात तळलंय हे जास्त बघा. आणि एक गोष्ट जी क्वचित कुणी सांगतं: न गाळलेल्या, उकळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते एलडीएल वाढवतं. कागदी गाळणीतून गाळली की ते बहुतेक सगळं गाळणीतच राहतं. दिवसाला चार-पाच कप पिणाऱ्याला एवढ्यानेही फरक दिसू शकतो.

पाचवं पाऊल: तंबाखू, रक्तदाब, चालणं

तंबाखू सोडा. हृदयासाठी याहून मोठं काम एका माणसाच्या हातात दुसरं नाही, आणि सोडल्यावर वर्षभरातच जादाचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. "कमी केली" याला अर्थ नाही, रोजच्या एका सिगरेटचाही हृदयाला चांगलाच फटका बसतो. रक्तदाब घरी मोजायची सवय लावा.

व्यायामाबद्दल एक गैरसमज आहे. रोज चालूनही एलडीएल उतरलं नाही म्हणून लोक खट्टू होतात. व्यायामाने एलडीएल थोडंच हलतं, ट्रायग्लिसराइड जास्त उतरतं. पण रक्तदाब, साखर, पोटाचा घेर, झोप, मनाचा ताण या सगळ्यांवर तो काम करतो. आठवड्याला दीडशे मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने. रिपोर्टमध्ये दिसत नाही म्हणून बंद करू नका.

सहावं पाऊल: गोळी

स्टॅटिन यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन कमी करते. पेशीला आतून तुटवडा जाणवतो, म्हणून ती आपल्या पृष्ठभागावर जास्त ग्राहक उभे करते आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेते. म्हणजे खरं काम ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी शोधलेलं ते प्रथिनच करतं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पहिल्या डोसात मोठी घट मिळते, पण डोस दुप्पट केला की एलडीएल फक्त आणखी सहाएक टक्के उतरतं. त्यामुळे लक्ष्य गाठलं गेलं नाही तर डोस वाढवत बसण्यापेक्षा इझेटिमाइबसारखी, आतड्यातलं शोषण अडवणारी दुसरी गोळी जोडणं पुष्कळदा शहाणपणाचं. ती आणखी २० टक्क्यांच्या आसपास उतरवते. त्यानेही भागलं नाही तर वर आलेल्या पीसीएसके९ जनुकाचं प्रथिन अडवणारी इंजेक्शनं आहेत. २०१७ च्या चाचणीत २७,५६४ रुग्णांमध्ये त्यातल्या एकाने एलडीएल ९२ वरून ३० वर आणलं आणि घटना आणखी कमी झाल्या. वर्षातून दोनदाच घ्यायचं इन्क्लिसिरान हे इंजेक्शन आणि स्टॅटिन न सोसणाऱ्यांसाठी बेंपेडोइक आम्लही आहे.

आता अंगदुखी. "स्टॅटिन घेतली आणि पाय दुखायला लागले" असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. पण लंडनमध्ये झालेली एक छोटी चाचणी बघण्यासारखी आहे. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली. प्रत्येकाला वर्षभराच्या १२ बाटल्या: चार महिने स्टॅटिन, चार महिने हुबेहूब दिसणारी बिनऔषधाची गोळी, आणि चार बाटल्या रिकाम्या. क्रम कुणालाच ठाऊक नाही. रोज त्रासाला शून्य ते शंभर गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, बिनऔषधाच्या गोळीवर १५.४, स्टॅटिनवर १६.३. दुखणं खरं होतं, पण त्याचा ९० टक्के भाग गोळी गिळण्याच्या कृतीतून येत होता, औषधातून नाही. स्वतःचे आकडे पाहिल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

खरे दुष्परिणामही आहेत. साखर सीमारेषेवर असलेल्यांपैकी काहींना मधुमेह थोडा लवकर लागतो: सुमारे २५५ जणांना चार वर्षं गोळी दिली तर एक जादा. त्यांच्यातही हृदयाचा फायदा मोठा ठरतो. स्नायूंची गंभीर झीज फार विरळ, पण लघवी गडद तपकिरी झाली आणि अंग खूप दुखू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविकं आणि ग्रेपफ्रूटचा रस काही स्टॅटिनची रक्तातली पातळी वाढवतात. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी सांगा, अशा वेळी गोळी सहसा थांबवतात.

आणि तो नेहमीचा प्रश्न, "एकदा सुरू केली की सुटत नाही ना?" सुटते, उद्याही थांबवता येते, सवय लागत नाही. फक्त थांबवल्यावर काही आठवड्यांत एलडीएल मूळ जागी परत जातं. चष्मा काढल्यावर पुन्हा अंधूक दिसतं, तेव्हा आपण चष्म्याची सवय लागली म्हणतो का?

यावर पैसे घालवू नका

२०२२ मध्ये एका चाचणीत कमी डोसाच्या रोसुव्हास्टॅटिनसमोर मासळीचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिज स्टेरॉल आणि लाल यीस्ट तांदूळ यांची पूरकं उभी केली. २८ दिवसांत गोळीने एलडीएल जवळपास ३८ टक्के उतरवलं. पूरकांपैकी एकानेही बिनऔषधाच्या गोळीपेक्षा एलडीएल लक्षणीय जास्त उतरवलं नाही, आणि लसणाच्या गटात तर एलडीएल थोडं वाढलं. लाल यीस्ट तांदळात मुळात लोव्हास्टॅटिनच असतं, फक्त किती आहे ते बाटलीगणिक बदलतं. म्हणजे "नैसर्गिक" म्हणून घेतलेली ती न मोजलेल्या डोसाची स्टॅटिन.

रक्त पातळ करण्याची रोजची ॲस्पिरिनही अटॅक न आलेल्यांनी स्वतःहून सुरू करू नये. २०१८ मधल्या तीन मोठ्या चाचण्यांनंतर रक्तस्रावाचा धोका फायद्याला खाऊन टाकतो हे स्पष्ट झालंय. अटॅक येऊन गेला असेल किंवा स्टेंट असेल तर मात्र तीच ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

सातवं पाऊल: पुन्हा तपासा, आणि एकट्याने थांबू नका

आहार किंवा गोळी बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी तपासा. लक्ष्य गाठलं की वर्षातून एकदा पुरे. प्रत्येक रिपोर्टवर त्या वेळी कुठली गोळी, किती डोस, हे पेनाने लिहून ठेवा. वर्षांनंतर तेच कामाला येतं. आकडा चांगला आला म्हणून गोळी बंद करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. तो आकडा गोळीमुळेच आलेला असतो. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, अचानक दम लागणं असं काही झालं तर रिपोर्ट कितीही चांगला असला तरी थेट आपत्कालीन सेवेला फोन करायचा.

एलडीएल १९० च्या वर असेल तर मात्र काम तुमच्यापाशी संपत नाही. अडीचशे-तीनशे माणसांत एकाला आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असतं, आणि अशा माणसाच्या प्रत्येक भावंडाला आणि प्रत्येक मुलाला ते असण्याची शक्यता अर्धी-अर्धी. टाचेच्या मागच्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) जाड गाठ, कमी वयात बुबुळाभोवती पांढरं कडं, घरात पन्नाशीआधी आलेला अटॅक या त्याच्या खुणा, पण खुणा नसल्या म्हणून तपासणी टाळू नका. भावंडांना सांगा, मुलांचं रक्त तपासून घ्या.

मुलांना गोळी म्हटलं की पोटात गोळा येतो, माझ्याही आला असता. ॲम्स्टरडॅममध्ये असा आजार असलेल्या २१४ मुलांना लहानपणीच प्रव्हास्टॅटिन सुरू केली होती. वीस वर्षांनी, २०१९ मध्ये, त्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्याच आजाराच्या त्यांच्या आईवडिलांना मुलांच्या वयात ही औषधं मिळाली नव्हती, आणि त्यांच्यापैकी २६ टक्क्यांना वयाच्या ३९ व्या वर्षापर्यंत हृदयाची किंवा रक्तवाहिन्यांची मोठी घटना झालेली होती. त्याच वयापर्यंत मुलांमध्ये हे प्रमाण १ टक्का होतं.